चीत

तालमीमागच्या पटांगणात पंच व्हायला कुणी तयार नव्हतं,
म्हणून बाबालाल वस्तादांना
आम्ही खुर्चीसकट उचलून आणलं.
कान मोडलेले, मान बैलाची, गुडघे कधीच गेलेले.
क्रिकेट त्यांनी जन्मात धड पाहिलं नव्हतं.

"आधी नेम सांगा," म्हणाले,
"उगं बोट वर करनार न्हाई मी."

इर्शादनं सुरुवात केली : एका बाजूला अकरा.
"आन् दुसऱ्या?"
अकराच. पण मैदानात दोघंच.
"म्हंजे अकरा जनांनी मिळून दोघांस्नी धरायचं?
ह्याला खेळ म्हंत्यात व्हय रं?"

सहा चेंडू झाले की ओव्हर संपली,
मग दुसऱ्यानं टाकायची, दुसऱ्या टोकाकडून.
हे मात्र त्यांना पटलं.
एकाचाच दम किती काढायचा, म्हणाले.

गटारीत गेला तर चार.
पोवारांच्या कौलांवर गेला तर सहा नाही, आउट,
शिवाय चेंडू ज्याचा त्यानंच मागायला जायचं.
फार लांबून गेला तर वाइड,
रेघेपुढं पाय पडला तर नो.
स्टंप म्हणजे उसाची तीन टिपरी,
जिंकणाऱ्यांनी शेवटी सोलून खायची.

मग चौगुल्यांचा विक्रांत, रेडिओवरच्या आवाजात :
त्रिफळाचीत. यष्टिचीत. पायचीत.

वस्ताद खुर्चीत ताठ झाले.
"चीत?
चीत म्हंजे दोन्ही खांदं मातीला.
तुमचं कुनाचं काय लागतंय मातीला?"
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
एवढी वर्षं ओरडत होतो तो शब्द,
आणि तो इथलाच होता,
भिंतीपलीकडच्या हौद्यातला,
तेल, ताक, हळद पाजलेल्या तांबड्या मातीतला.

पायचीत समजावताना विक्रांतचा घसा बसला.
पाय मध्ये नसता, तर चेंडू
टिपऱ्यावर गेला असता का, एवढंच ओळखायचं.
वस्ताद पोट धरून हसले.
"जे झालंच न्हाई त्येचा निकाल मी लावू?"
पायचीत त्या दिवसापासून रद्द.

शेवटचा नियम मी सांगितला.
मी एकटीच मुलगी, म्हणून माझा नंबर शेवटी.
विचारल्याशिवाय आउट द्यायचं नाही, वस्ताद.
त्यांनी ओरडून विचारायचं, मगच तुम्ही बोलायचं.
"आन् कुनी इचारलंच न्हाई तर?"
तर तो खेळत राहतो.
"आउट असला तरी?"
तरी.

वस्तादांनी पंचाच्या टोकाला एक गाठ मारली.

तिसऱ्या रविवारी सात हवे होते आणि बॅट माझ्या हातात.
पिंट्याचा चेंडू आत आला,
कडेला नखाएवढा लागला,
आणि मागं इर्शादच्या हातात गेला.
नेमका तेव्हाच रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर,
दोन ट्रॉल्या, चार कर्णे, फुल्ल आवाज.
कुणाला काही ऐकू आलं नाही.
इर्शादनं चेंडू चड्डीला पुसला आणि परत फेकला.

मी वस्तादांकडं बघितलं.
मांडीवरचं बोट जरासं उचललं गेलं,
पुन्हा मांडीवर टेकलं.

पुढचे दोन्ही गटारीत गेले.
पोरांनी मला उचललं, टिपरी उपटली,
रस हनुवटीवरून कोपरापर्यंत.

अंधार पडता पडता तालमीच्या पायरीवर
वस्ताद नेहमीसारखी थंडाई वाटत होते.
माझा पेला भरताना म्हणाले,
"पाठ लागलीती तुजी."

मग बोलला का नाही?

"कुनी इचारलं मला?
नेम तूच सांगितलास की पोरी."

पेला घेतला.
कुठंच काही उणं नव्हतं, वेलदोडा, खसखस, साखर.
बदामाचा एक तुकडा मात्र
दाढेत अडकला, तो झोपेपर्यंत
जिभेनं निघाला नाही.